फोन धडधाकट, तरी अपडेट बंद: ड्रायव्हरचा कोड कंपन्या दाखवत का नाहीत?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे फारच अडखळलो तिथे वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जवळजवळ जसंच्या तसं. मधे एकदा कुकरची शिट्टी ऐकू येते, ती तुम्ही कल्पनेने ऐका.)



आजचा भाग खरं तर माझ्या आईमुळे सुरू झाला. झालं असं की गणपतीच्या आदल्या दिवशी तिने सोसायटीची वर्गणी पाठवायला बँकेचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, तुमच्या फोनमधलं अँड्रॉइड जुनं आहे, इथून पुढे मी चालणार नाही. आईने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अरे, याला जरा अपडेट मारून दे." मी सेटिंगमध्ये गेलो. तिथे लिहिलं होतं, तुमचा फोन अद्ययावत आहे. म्हणजे एक जण म्हणतोय फोन म्हातारा झाला, दुसरा म्हणतोय एकदम ताजा आहे, आणि दोघंही राहतायत एकाच फोनमध्ये.

बरं, फोनला काहीही झालेलं नव्हतं. काचेवर एक ओरखडा नाही, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. आमच्या घरात वस्तू अशाच वापरल्या जातात. मी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दादा, या मॉडेलला आता काही येणार नाही. चिपवाल्यांनीच सपोर्ट बंद केलाय. एक्स्चेंजमध्ये नवीन बघा ना."

चिपवाल्यांनी? फोन बनवणारी कंपनी अपडेट देत नाही, हे मी समजू शकतो. पण आतल्या चिपने अँड्रॉइडला अडवायचं काय कारण? चिप म्हणजे एक सिलिकॉनचा तुकडा. ती काय नवीन अँड्रॉइड बघून घाबरते का?

तर ती घाबरत नाही. अडतं ते चिप आणि अँड्रॉइड यांच्या मधे बसलेल्या एका गोष्टीपाशी. तिला म्हणतात ड्रायव्हर.

ड्रायव्हर काय करतो हे सांगायला मला आमच्या भागातले व्हॉल्व्हमन काका आठवतात. पाणी खात्याच्या ऑफिसातून त्यांना एवढंच सांगितलं जातं, सकाळी सहाला वरच्या आळीला पाणी सोडा. पुढचं सगळं काकांचं. कुठल्या लोखंडी झाकणाखाली कुठला व्हॉल्व्ह आहे, तो किती आटे फिरवायचा, शेजारचा आधी बंद नाही केला तर खालच्या आळीत पाइप फुटतो, आणि तो मारुतीच्या देवळासमोरचा व्हॉल्व्ह कुणीतरी उलटा बसवलाय म्हणून तो डावीकडे फिरवायचा. हे सगळं काकांच्या एका कळकट वहीत लिहिलेलं असतं. साहेबांना व्हॉल्व्ह माहीत नाहीत, काकांना फायली माहीत नाहीत. पण पाणी येतं.

तुमच्या फोनमध्ये साहेब म्हणजे अँड्रॉइड. व्हॉल्व्ह म्हणजे चिपच्या आतली छोटी छोटी बटणं, ज्यांत आकडे लिहिले की कॅमेरा फोकस करतो, स्क्रीनवर चित्र उमटतं, वायफाय सिग्नल सोडतं. काका म्हणजे ड्रायव्हर. आणि ती वही म्हणजे ड्रायव्हरचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल, बदलता येईल असा लिहिलेला प्रोग्रॅम.

आता मेख अशी आहे की फोनबरोबर आपल्याला काका मिळतात, वही मिळत नाही. ड्रायव्हर आधीच यंत्राच्या भाषेत, शून्य-एकच्या ढिगाऱ्यात रूपांतर करून दिलेला असतो. अशा गठ्ठ्याला म्हणतात ब्लॉब. तो काम करतो, पण कसं करतो ते वाचता येत नाही. पुढे साहेब बदलले. नवीन साहेब म्हणाले, आता तोंडी निरोप चालणार नाहीत, प्रत्येक हुकूम नव्या फॉर्मवर येईल. काकांना तो फॉर्म वाचता येत नाही. त्यांना शिकवायचं तर वही हवी. वही आहे ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराचं कंत्राट दोन वर्षांपूर्वीच संपलंय. व्हॉल्व्ह शाबूत, पाइप शाबूत, टाकीत पाणी. पण नळ कोरडा.

आईच्या फोनचं नेमकं हेच झालं होतं.

मी हट्टी माणूस आहे. म्हटलं कंपनी देत नाही ना, मग मीच टाकतो नवीन अँड्रॉइड. काही हौशी मंडळी जुन्या फोनसाठी नव्या अँड्रॉइडच्या आवृत्त्या तयार करतात, तशी एक शोधली. एक अख्खा रविवार गेला. फोन चालू झाला, नवीन अँड्रॉइड दिसलं, मी स्वतःवर खूश. मग कॅमेरा उघडला. आई हिरवी दिसत होती. थोडीशी नाही, दुधी भोपळ्यासारखी. बोटाचा ठसा ओळखायचा सेन्सर गेला तो गेलाच. कारण या मंडळींनी जुन्या आवृत्तीतले ब्लॉब उचलून नव्या घरात कसेबसे बसवले होते. रंग नीट करायचं गणित त्या बंद गठ्ठ्यात, आणि तो गठ्ठा नव्या साहेबांशी अर्धवटच बोलत होता. कळस म्हणजे बँकेचं ॲप आता म्हणालं, या फोनच्या सिस्टिममध्ये फेरफार झालेली आहे, सुरक्षेच्या कारणास्तव मी चालणार नाही. वर्गणी शेवटी आईने रोख दिली.

त्या रात्रीपासून मी हे वाचत बसलोय की बाबांनो, वही लपवता कशाला? चिप विकलीत ना, पैसे मिळाले ना? ड्रायव्हर तर तुम्ही वेगळा विकतही नाही. मग त्यात एवढं काय आहे?

हा राग काही नवीन नाही बरं का. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर काम करायचा. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय त्याने प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून केली होती. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला, आणि त्याच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड काही आला नाही. कागद अडकायचा, आणि लोक वरच्या मजल्यावर वाट बघत बसायचे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो कोड आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेला. तो म्हणाला, देता येणार नाही, कंपनीला मी तसं लिहून दिलंय. १९८३ साली स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा प्रसंग होता हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ काही अंशी एका अडकलेल्या कागदातून आली.

आता कुणी हुशार श्रोता म्हणेल, अहो पण अँड्रॉइडच्या पोटात तर लिनक्स आहे, आणि लिनक्सचा परवाना सांगतो की कोड उघडा ठेवा. बरोबर. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ज्या परवान्याखाली येतो त्याचा नियमच आहे की तुम्ही बदल करून लोकांना वाटलंत तर सोर्सही द्यायचा. पण इथे कंपन्यांनी एक युक्ती काढली. ड्रायव्हरचे दोन तुकडे करायचे. एक पातळसा तुकडा कर्नलमध्ये, तो उघडा. त्याचं काम फक्त पाकीट इकडून तिकडे पोचवायचं. पाकिटात काय लिहायचं हे ठरवणारा मेंदू कर्नलच्या बाहेर ठेवायचा, तिथे परवान्याचा नियम लागू होत नाही. पोस्टमन उघडा, पत्र लिहिणारा बंद.

बरं, कारणं. कंपन्यांना विचारलं की पहिलं उत्तर येतं ते म्हणजे स्पर्धा. आमची अक्कल त्यात आहे, ती शेजारच्याला कशाला दाखवू? यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. आजच्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर म्हणजे लाखो ओळींचा कोड असतो. गेममध्ये जे पाणी, सावल्या, धूर दिसतो त्याच्या सूचना चिपच्या भाषेत बदलणारा अख्खा अनुवादक त्या ड्रायव्हरमध्ये बसलेला असतो. तो जितका चांगला तितका तोच गेम त्याच चिपवर जोरात पळतो. म्हणजे ड्रायव्हर हा चिपसोबत फुकट दिलेला पिशवीतला कढीपत्ता नाही. तो मालाचा अर्धा भाग आहे.

पण हे कारण पूर्ण खरं मानायला मी तयार नाही. एएमडीने २००६ साली एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली आणि २००७च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की आम्ही चिपची माहिती खुली करू आणि लिनक्ससाठी उघड्या ड्रायव्हरला मदत करू. तसं त्यांनी केलंही. इंटेलही बऱ्याच वर्षांपासून आपल्या ग्राफिक्सचे लिनक्स ड्रायव्हर उघडे ठेवतं. वही दाखवली म्हणून यांपैकी कुणाचं दिवाळं वाजलं नाही. मग बाकीच्यांना एवढी भीती कसली?

दुसरं कारण कंपन्या फारसं मोठ्याने बोलत नाहीत. ते म्हणजे पेटंट. चोरी होईल याच्याइतकीच भीती असते ती आपणच चोर ठरू याची. ग्राफिक्सच्या धंद्यात इतकी पेटंटं आहेत की कोड लिहिताना नकळत कुणाच्या ना कुणाच्या शेतातून बैलगाडी जातेच. कोड बंद असला तर ते सिद्ध करणं कठीण. उघडा ठेवला तर समोरच्या वकिलाला घरबसल्या पुरावा. आणि ही भीती हवेतली नाही. एस३टीसी नावाची एक पद्धत आहे, गेममधली चित्रं दाबून लहान करायची. जवळजवळ सगळे गेम ती वापरायचे. पण तिचं पेटंट होतं, म्हणून लिनक्सच्या मेसा या उघड्या ग्राफिक्स प्रकल्पाला ती आपल्यात घेता येत नव्हती, लोक ती वेगळी आणून चिकटवायचे. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये पेटंट संपलं, आणि मग ती रीतसर आत आली.

तिसरं कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त चकित करणारं वाटलं. पुष्कळ वेळा वही दाखवायची इच्छा असते, पण वही आपली नसतेच!

फोनचंच घ्या. डब्यावर नाव एका कंपनीचं. आतली चिप क्वालकॉमची किंवा मीडियाटेकची. मीडियाटेकच्या चिपमधला ग्राफिक्सचा भाग बहुतेक वेळा आर्म किंवा इमॅजिनेशन या कंपन्यांनी आखलेला. या दोघी ग्राफिक्सचा आराखडा विकतात. कॅमेऱ्याचा सेन्सर तिसऱ्याचा, बोटाच्या ठशाचा सेन्सर चौथ्याचा. प्रत्येकाबरोबर करार, प्रत्येक करारात गुप्ततेचं कलम. म्हणजे फोन कंपनीच्या हातात सोर्स असला तरी बाहेर देता येत नाही. त्या सर्व्हिस सेंटरच्या मुलावर मी मनातल्या मनात चिडलो होतो, पण तो बिचारा खरंच बोलत होता.

याचं एक जुनं उदाहरण आहे. इंटेल उघड्या ड्रायव्हरसाठी नावाजलेली कंपनी, हे मी आत्ताच म्हटलं. पण २००८च्या सुमारास छोट्या नेटबुक लॅपटॉपसाठी त्यांनी जीएमए ५०० हे ग्राफिक्स आणलं, आणि त्याचा आराखडा घेतला होता इमॅजिनेशनकडून. झालं! इंटेलचा शिक्का बघून लिनक्सवाल्यांनी विश्वासाने ते लॅपटॉप घेतले आणि पुढची काही वर्षं ग्राफिक्ससाठी कपाळ बडवत बसले. वही इंटेलची नव्हती.

आणि अगदी अलीकडचं. एचडीएमआय म्हणजे टीव्हीला लावायची ती केबल, तुम्ही सगळ्यांनी वापरली आहे. तिची २.१ ही आवृत्ती लिनक्सवर उघड्या ड्रायव्हरमधून चालवावी म्हणून एएमडीच्या इंजिनिअरांनी काम केलं, कोड तयार केला आणि एचडीएमआय फोरम या नियम ठरवणाऱ्या संस्थेपुढे ठेवला. २०२४च्या फेब्रुवारीत बाहेर आलं की फोरमने नाही म्हटलंय. उघडा कोड म्हणजे त्यांचं गुपित तपशीलपत्रकच उघडं होणार, असा हिशोब. चिप बनवणारा तयार, कोड तयार, हार्डवेअरमध्ये ताकद आहे, तरी एएमडीचं कार्ड घेतलेल्या लिनक्सवाल्याला एचडीएमआयवरून फोर-के १२० हर्ट्झ नीट मिळेना. कारण केबलचे नियम तिसऱ्याच्या मालकीचे.

(इथे कुकरची शिट्टी झाली. आईचा वरणभात. पुढे जाऊ.)

आता मी जरा तिखट बोलणार आहे. काही वेळा ड्रायव्हर बंद ठेवायचं कारण तंत्र नाही, वकील नाही, तर दुकानदारी असतं.

चिप बनवणं प्रचंड महाग. म्हणून कंपनी एकच आराखडा अनेक डब्यांत घालून वेगवेगळ्या किमतींना विकते. गेम खेळणाऱ्याला स्वस्तात, ऑफिसला किंवा डेटा सेंटरला कितीतरी पट महाग. फरक काही वेळा खरा असतो, जास्त मेमरी वगैरे. पण काही वेळा फरक एवढाच की ड्रायव्हर म्हणतो, हे तुझ्यासाठी नाही.

एनव्हिडियाचं उदाहरण बघा. त्यांचं जीफोर्स हे गेमिंगचं कार्ड लिनक्स कॉम्प्युटरमध्ये आभासी विंडोज तयार करून त्याला जोडलं, तर ड्रायव्हरला कळायचं की आपण आभासी यंत्रात आहोत आणि तो कोड ४३ हा एरर दाखवून बसून राहायचा. तीच सोय महागड्या व्यावसायिक कार्डांवर चालायची. लोकांनी यावर कितीतरी वर्षं ड्रायव्हरला फसवायच्या युक्त्या शोधल्या. मग २०२१च्या मार्चमध्ये एनव्हिडियाने स्वतःच ही बंदी उठवली. कार्डं तीच, सिलिकॉन तेच. एके दिवशी नाही चालत, दुसऱ्या दिवशी चालतं. मधे बदलला फक्त ड्रायव्हर.

त्याच वर्षीचा आणखी एक किस्सा तर मला फार आवडतो. २०२१च्या फेब्रुवारीत आरटीएक्स ३०६० हे कार्ड आलं. तेव्हा इथेरियमचं मायनिंग करणारे लोक बाजारातली सगळी कार्डं उचलत होते, गेम खेळणाऱ्याला मिळेना. म्हणून एनव्हिडियाने सांगितलं की मायनिंग चालू आहे असं ओळखून हे कार्ड आपला वेग साधारण निम्मा करेल. ड्रायव्हर, चिप आणि कार्डावरचा बायोस यांचं संगनमत आहे, ते मोडता येणार नाही. आणि पुढच्याच महिन्यात त्यांनीच बाहेर सोडलेल्या एका चाचणी ड्रायव्हरमध्ये ती बंदी चुकून काढलेली निघाली! कुलूपवाल्यानेच किल्ली दाराला लटकवून ठेवली.

विचार करा, हा ड्रायव्हर उघडा असता तर अशा बंदीला काही अर्थ उरला असता का? कुणीही ती एक ओळ खोडली असती. म्हणून मी म्हणतो, कंपनीच्या दृष्टीने बंद ड्रायव्हर म्हणजे विकलेल्या मालावर विकल्यानंतरही ठेवलेला हात. कार्ड तुमच्या टेबलावर, पैसे त्यांच्या खिशात, आणि ते काय करू शकतं हे ठरवायचा अधिकारही त्यांच्याकडेच.

याच्या शेजारचंच एक कारण म्हणजे अब्रू. २००१ साली एटीआयचं रेडिऑन ८५०० हे कार्ड क्वेक ३ या गेममध्ये फार छान आकडे दाखवत होतं. परीक्षण करणाऱ्यांना शंका आली. त्यांनी गेमच्या फाइलमध्ये जिथे क्वेक लिहिलं होतं तिथे क्वॅक केलं. बदकाचं क्वॅक. लगेच वेग घसरला, आणि चित्रं मात्र जास्त स्पष्ट दिसायला लागली! म्हणजे ड्रायव्हर गेमचं नाव वाचून ठरवत होता की इथे चित्रांचा दर्जा थोडा कमी करून वेग दाखवू या. आपल्या फोनच्या जगातही हे झालंय. २०१३ साली सॅमसंग गॅलेक्सी एस४च्या एका आवृत्तीत सापडलं की ठरावीक बेंचमार्क ॲप उघडली की ग्राफिक्स चिप ५३३ मेगाहर्ट्झवर जाते आणि बाकी ॲपना ४८०च मिळतात. अशा गोष्टी वहीत लिहिलेल्या असतील तर वही कोण दाखवेल?

एक कारण मात्र असं आहे की तिथे मी कंपन्यांच्या बाजूने थोडा झुकतो. रेडिओ. वायफाय, ब्लूटूथ, मोबाइलचं नेटवर्क, हे सगळे लहरी सोडतात, आणि कुठल्या लहरी किती ताकदीने सोडायच्या याचे प्रत्येक देशाचे कायदे आहेत. २.४ गिगाहर्ट्झ वायफायचा चौदावा चॅनल फक्त जपानमध्ये चालतो. आपल्याकडेही दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा उपकरणांना मान्यता देते तेव्हाच ती विकता येतात. ड्रायव्हर उघडा ठेवला आणि कुणी ताकद वाढवून विमानतळाच्या रडारमध्ये खरखर केली तर? ही काळजी खरी आहे. पण यावरही तोड निघालीय. ताकदीची मर्यादा चिपमधल्या फर्मवेअरमध्ये पक्की करायची आणि बाकीचा ड्रायव्हर उघडा ठेवायचा. वर्षानुवर्षं बंद दार म्हणून बदनाम असलेल्या ब्रॉडकॉमने २०१० साली वायफायचा उघडा लिनक्स ड्रायव्हर दिला तो काहीसा असाच.

आता परत आईच्या फोनकडे. कारणं ऐकलीत, पण त्याची किंमत नक्की कशी मोजली जाते?

युरोपात फेअरफोन नावाची छोटी कंपनी आहे. फोन जास्त वर्षं टिकावा, घरी स्क्रू काढून दुरुस्त करता यावा, हाच त्यांचा धंदा. त्यांचा २०१३चा पहिला फोन मीडियाटेकच्या चिपवर होता. सुटे भाग वगैरे सगळं विचार करून केलेलं, पण चिपचा सोर्स हवा तसा हातात नसल्यामुळे त्याचं अँड्रॉइड पुढे नेता येईना, आणि २०१७ मध्ये त्यांनी हात टेकले. म्हणजे स्क्रीन बदलता येते, बॅटरी बदलता येते, पण व्हॉल्व्हमनची वही बदलता येत नाही.

दुसरा फोन २०१५च्या शेवटी आला, क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८०१ वर. क्वालकॉमने त्या चिपला अँड्रॉइड ६च्या पुढे पाठिंबा दिला नाही. फेअरफोनच्या मोजक्या माणसांनी तरी हट्ट धरला. २०१८च्या अखेरीस अँड्रॉइड ७ आणलं. २०२१ मध्ये अँड्रॉइड ९, तेही लिनिएजओएस या हौशी लोकांच्या प्रकल्पाचा आधार घेऊन. २०२२ मध्ये अँड्रॉइड १०. २०२३च्या मार्चमध्ये थांबले, म्हणजे सात वर्षं ओढलं. तारखा नीट ऐका पण. अँड्रॉइड ७ जगात आलं २०१६ला, यांच्या फोनवर पोचलं २०१८ला. दोन वर्षं गेली ती बंद गठ्ठे नव्या साहेबांशी बोलते करण्यात. आणि पुढे २०२३ मध्ये फेअरफोन ५ काढला तेव्हा त्यांनी क्वालकॉमचीच, पण कारखान्यांतल्या यंत्रांसाठी बनवलेली चिप निवडली. का? तर त्या चिपला पाठिंबा जास्त वर्षं मिळतो. तोच चिपवाला, पण कारखान्याच्या मालकाला दहा वर्षं सांभाळून घेतो आणि आपल्या खिशातल्या फोनला तीन.

यात चिपवाल्याचा फायदा काय, हे वेगळं सांगायला नको. जुनी चिप अपडेट करत बसणं म्हणजे इंजिनिअरांचा पगार, आणि त्यातून मिळणार शून्य. फोन बाद झाला की नवी चिप विकली जाते. मुद्दाम जुने फोन मारतात असं मी म्हणत नाही. पण जगवायचं काही कारण त्यांच्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे कारण आहे, म्हणजे तुम्ही-आम्ही, त्याच्या हातात वही नाही.

बरं, वही मिळत नाही म्हणून सगळे गप्प बसलेत का? अजिबात नाही. काही लोक पहाटे सहाला उठून काकांच्या मागे लपतछपत चालतात आणि ते काय काय फिरवतात ते स्वतःच्या वहीत लिहून घेतात. याला म्हणतात रिव्हर्स इंजिनिअरिंग. एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, स्क्रीनवर एक त्रिकोण काढायचा. बंद ड्रायव्हरने चिपला कुठले आकडे पाठवले ते टिपायचं. मग त्रिकोणाचा रंग लालचा निळा करायचा आणि बघायचं कुठला आकडा बदलला. असं हजारो वेळा. अलिसा रोझेनझ्वाइग नावाच्या मुलीने शाळेत असतानाच आर्मच्या माली ग्राफिक्ससाठी हे काम सुरू केलं, त्यातून पॅनफ्रॉस्ट हा उघडा ड्रायव्हर उभा राहिला. २०२० पासून खुद्द आर्म त्या कामाला मदत करायला लागली. शाळेतली मुलगी वही लिहिते आणि मग कंपनी म्हणते, चल, आम्ही पण येतो. क्वालकॉमच्या अड्रीनो ग्राफिक्ससाठी रॉब क्लार्क यांनी असाच फ्रीड्रीनो सुरू केला. जाता जाता एक गंमत: अड्रीनो हे नाव रेडिऑनच्याच इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून झालंय. ती शाखा क्वालकॉमने २००९ मध्ये एएमडीकडून विकत घेतली. म्हणजे सख्ख्या भावंडांपैकी एक उघड्या घरात वाढलं, दुसरं बंद.

एनव्हिडियाचं काय? २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं, तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेलच. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२२च्या मे महिन्यात, एनव्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग उघडा केला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग नीट वाचलं. हा उघडा भाग चालतो तो २०१८च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांवर. का? तर त्या पिढीपासून कार्डावरच एक छोटा वेगळा प्रोसेसर बसवलेला आहे. पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेलं पुष्कळसं काम आता त्याच्या फर्मवेअरमध्ये चालतं, आणि ते फर्मवेअर बंद आहे, वर कंपनीची डिजिटल सही असल्याशिवाय चालतही नाही. ग्राफिक्सचा अनुवादक, जो कर्नलच्या बाहेर असतो, तोही बंदच. म्हणजे काकांनी वही दाखवली खरी, पण आता वहीत लिहिलंय, आतल्या खोलीतल्या दादांना विचारा. तरी मी याला नुसती धूळफेक म्हणणार नाही. उघड्या भागामुळे लिनक्सवर एनव्हिडिया चालवणाऱ्यांचे रोजचे हाल खरंच कमी झालेत. फक्त उघडा या शब्दावर भाळून न जाता मेंदू कुठे गेला ते बघायचं.

फोनच्या बाबतीतही हवा थोडी बदलली आहे. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने ट्रेबल आणलं. त्याने वही उघडली नाही. त्याने हुकमाचा फॉर्म ठरवून दिला, म्हणजे साहेब बदलले तरी जुन्या काकांना निदान निरोप वाचता येईल. २०२३च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचं वचन मिळालं. २०२५च्या फेब्रुवारीत क्वालकॉमने नव्या महागड्या चिपसाठी आठ वर्षांपर्यंत पाठिंब्याची तयारी जाहीर केली. आणि जून २०२५ पासून युरोपात नियमच आलाय की मॉडेलची विक्री थांबल्यापासून पुढे किमान पाच वर्षं अपडेट हवेत. बघा, काल जे अशक्य होतं ते कायदा आणि स्पर्धा आल्यावर शक्य झालं.

पण यातलं बहुतेक महागड्या फोनांसाठी आहे. आपल्याकडे लोक दहा-पंधरा हजारांचा फोन घेतात, आणि तिथे डब्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात असतात, अपडेटची वर्षं शोधावी लागतात. ती शोधा. आणि वर्षं कधीपासून मोजतात तेही विचारा, कारण बहुतेक कंपन्या मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये दीड वर्ष जुनं मॉडेल स्वस्तात उचललं तर त्या वचनातली दीड वर्षं आधीच संपलेली असतात. दिवाळीत आईला नवीन फोन घेताना दुकानदाराला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं," आणि कव्हर फुकट दिलं.

जुना फोन आता स्वयंपाकघरात असतो, मसाल्याच्या डब्याशेजारी. सिम नाही, नुसतं वायफाय. आई त्यावर सकाळी अभंग लावते आणि संध्याकाळी आपला हा पॉडकास्ट. परवा म्हणाली, "अरे, तुझं ते पॉडकास्टचं ॲप आज काहीतरी लिहून दाखवतंय बघ." मी अजून बघितलेलं नाही.